घरासाठी परवडणारा सपाट पडद्याचा मॉनिटर : खरेदीपूर्वी जाणून घेण्याजोगे
तंजावरच्या मराठी घरांच्या गरजेच्या निमित्ताने संदर्भलेख

तंजावर : भोसले घराण्याची सत्ता १८५५ मध्ये संपुष्टात आली, मराठी भाषा मात्र या शहरातून गेली नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांचे हजाराहून अधिक रुमाल आहेत. १९८१ मध्ये येथे स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठानेही मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. घराघरांत तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण तमिळ व इंग्रजी माध्यमातून झाल्याने देवनागरी मजकूर त्यांना थोडा मोठ्या आकारात आणि सावकाश वाचावा लागतो.

अशा घरात संगणकाचा पडदा केवळ मनोरंजनासाठी घेतला जात नाही. शाळकरी मुलांचा अभ्यास, घरून केले जाणारे कार्यालयीन काम, परगावी असलेल्या मुलांशी दृक्‌श्राव्य संभाषण आणि जुन्या पोथ्यांची छायाचित्रे पाहणे, अशी चार कामे एकाच पडद्यावर चालतात. तमिळनाडू सरकारने २०११ पासून शालेय विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना राबविली. असे जुने लॅपटॉप अद्याप अनेक घरांत आहेत. त्यांचा लहान पडदा हीच बहुधा पहिली अडचण ठरते, आणि नवा संगणक घेण्याऐवजी वेगळा मॉनिटर जोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. चौदा इंची लॅपटॉपच्या तुलनेत तेवीस पूर्णांक आठ इंची मॉनिटरचे दृश्य क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट असते.

हा खर्च लहान नाही. गेल्या काही वर्षांत बावीस ते चोवीस इंची साध्या मॉनिटरची किंमत साधारणपणे सात ते बारा हजार रुपयांच्या दरम्यान राहिली आहे. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला ही रक्कम दरवर्षी खर्च करता येत नाही; एकदा घेतलेला मॉनिटर आठ-दहा वर्षे वापरला जातो. म्हणूनच चुकीच्या निवडीचा भुर्दंड पैशापेक्षा डोळ्यांना अधिक काळ सोसावा लागतो.

‘सपाट’ या शब्दाचे दोन अर्थ

बाजारात ‘सपाट पडदा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ काचेच्या जाड नळीऐवजी पातळ द्रव-स्फटिक पॅनेल असलेला पडदा, म्हणजेच एलसीडी. ‘एलईडी मॉनिटर’ म्हणून विकला जाणारा मॉनिटरही एलसीडीच असतो. त्यातील पार्श्वप्रकाश तेवढा एलईडी दिव्यांचा असतो. दुसरा अर्थ वक्राकार नसलेला पडदा. अलीकडे कमी किमतीतही वक्र मॉनिटर मिळू लागले आहेत. खेळांसाठी ते काहींना रुचतात. परंतु ओळींचा मजकूर, हिशेबाचे तक्ते आणि हस्तलिखिताच्या प्रतिमा सरळ दिसणे आवश्यक असेल, तर सरळ पडदाच घ्यावा.

द्रव-स्फटिकांच्या विज्ञानात भारताचा वाटा मोलाचा आहे. बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधून काढले. पुढे अशाच प्रकारच्या संयुगांचे पातळ आवरण पडद्यावर लावून स्वस्त मॉनिटरचा पाहण्याचा कोन रुंदावण्यात आला. खरेदीदाराला ही माहिती दुकानात उपयोगी पडणार नाही. पाहण्याचा कोन ही मात्र त्याने सर्वप्रथम तपासण्याची गोष्ट आहे.

पॅनेलचा प्रकार

परवडणाऱ्या मॉनिटरमध्ये तीन प्रकारची पॅनेल आढळतात : टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन सर्वांत जुने आणि स्वस्त. समोरून पाहिल्यास ते ठीक दिसते. मात्र मान थोडी खाली-वर झाली की रंग बदलतात आणि खालून पाहिल्यास चित्र उलट्या छटांचे दिसू लागते. एका पडद्यासमोर आजी, नातू आणि आई एकत्र बसत असतील, तर तिघांना तीन वेगळी चित्रे दिसतील. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग अधिक गडद दिसतो. उजळ आणि काळ्या भागातील प्रकाशाचे प्रमाण साधारण तीन हजारास एक इतके असते. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्यास ते चांगले. परंतु काही स्वस्त व्हीए पडद्यांवर मजकूर वेगाने सरकवला की गडद भागांत सावली रेंगाळते. आयपीएसमध्ये हे प्रमाण साधारण हजारास एक इतकेच असते आणि अंधारात काळा रंग किंचित राखाडी वाटतो. मात्र बाजूने पाहिल्यास रंग फारसे बदलत नाहीत.

घरगुती, मुख्यतः वाचन-लेखनाच्या कामासाठी आयपीएस घ्यावा, असे स्पष्टपणे सांगता येते. किमतीतील फरक आता फारसा उरलेला नाही. तंजावरच्या संदर्भात त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या कागदाचा रंग तपकिरी झालेला असतो आणि बोरूची शाई फिकट तपकिरी पडलेली असते. मोडी अक्षरे हात न उचलता एकमेकांना जोडून लिहिलेली असतात. एखादे बारीक वळण दिसले नाही तर शब्दच बदलतो. कागद आणि शाई यांच्या छटांतील हा अल्प फरक टीएन पडद्यावर कोन बदलताच पुसला जातो. मोडी वाचक चुकला की पडदा चुकला, हे मग कळत नाही.

जाहिरातीतील काही आकडे सरळ दुर्लक्षून चालते. ‘गतिमान’ प्रकाशप्रमाण लाखास एक किंवा कोटीस एक असे छापलेले असते. पार्श्वप्रकाश कमी-जास्त करून काढलेला तो आकडा प्रत्यक्षात एका चित्रात कधीच दिसत नाही. अडीचशे निट तेजाच्या मॉनिटरवर ‘एचडीआर’ लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ तो मॉनिटर असा संकेत स्वीकारतो एवढाच होतो. व्हेसा या संस्थेच्या डिस्प्ले एचडीआर प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरीसुद्धा चारशे निट तेजाची आहे. ‘एक मिलिसेकंद’ प्रतिसादाचा आकडाही वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला जातो; अक्षरे वाचणाऱ्याला त्याने काहीही फरक पडत नाही. सेकंदाला साठऐवजी पंचाहत्तर किंवा शंभर वेळा चित्र बदलणारे मॉनिटर आता स्वस्तात मिळतात. मजकूर सरकवताना ते डोळ्यांना सुखद वाटतात, मात्र केवळ त्यासाठी जादा हजार-दीड हजार रुपये मोजण्याची गरज नाही.

आकार आणि अक्षरांची सुबकता

बहुतेक खरेदीदार इंच पाहतात; पाहायला हवे ते इंचामागे किती पिक्सेल आहेत हे. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. देवनागरीत शिरोरेषेवर रफार, अनुस्वार आणि मात्रा, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात; म्हणजे रोमन अक्षराला लागणाऱ्या उंचीत येथे तीन मजले बसवावे लागतात. ठिपके मोठे असले की ‘र्‍या’, ‘ष्ट्र’, ‘क्ष्म’ यांसारखी अक्षरे काळ्या डागासारखी दिसतात. तमिळमध्ये जोडाक्षरे कमी, पण वळणे बारीक. तेथेही हाच प्रश्न येतो.

१९२० गुणिले १०८० पिक्सेल, म्हणजे ज्याला ‘फुल एचडी’ म्हणतात, तो आज किमान निकष मानावा. हेच पिक्सेल एकवीस पूर्णांक पाच इंची (सुमारे ५५ सेंटिमीटर) पडद्यावर पसरले, तर इंचामागे सुमारे १०२ ठिपके येतात; तेवीस पूर्णांक आठ इंची (सुमारे ६० सेंटिमीटर) पडद्यावर सुमारे ९३; आणि सत्तावीस इंची (सुमारे ६९ सेंटिमीटर) पडद्यावर केवळ ८२. म्हणजे सत्तावीस इंची फुल एचडी मॉनिटरवर अक्षर मोठे दिसते, परंतु ओबडधोबड. या आकारात २५६० गुणिले १४४० पिक्सेलचा मॉनिटर घेतला तर घनता १०९ वर जाते. मात्र किंमतही परवडणाऱ्या कक्षेबाहेर सरकते. साडेअठरा ते साडेएकोणीस इंची, १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे मॉनिटर पाच हजारांच्या आसपास मिळत असले तरी त्यांवर एका वेळी पुरेसा मजकूर मावत नाही. सरकारी संकेतस्थळांवरील रुंद अर्ज भरताना सतत आडवे सरकावे लागते आणि त्यातच चुका होतात.

एकट्याने वापरायचा असेल आणि टेबल लहान असेल तर बावीस इंची, घरातील सर्वांसाठी असेल तर चोवीस इंची फुल एचडी आयपीएस, हा हिशेब सर्वसाधारणपणे चुकत नाही. दृष्टी मंद झालेल्या ज्येष्ठांसाठी सत्तावीस इंचीचा मोह होतो. पण चोवीस इंची मॉनिटरवर संगणकाच्या सेटिंगमधून अक्षरे सव्वापट करून घेणे अधिक स्वस्त पडते आणि अक्षराची कडही सुबक राहते.

येथे एक नेहमीची गैरसमजूत दूर केली पाहिजे. पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले, की दोष मॉनिटरला दिला जातो. वस्तुतः संगणकात त्या लिपीचा फाँट नसल्याची ती खूण असते. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. तरीही तिचा फाँट वेगळा बसवावा लागतो. महागडा मॉनिटर आणून हे चौकोन जाणार नाहीत.

सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना सुरू केला आणि तेथून इसापच्या नीतिकथांचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये बाहेर पडले. ठसा स्वच्छ उमटतो की नाही ही त्या छापखान्याची चिंता होती. दोन शतकांनंतर त्याच लिपीच्या वाचकापुढे पडद्याच्या रूपाने तीच चिंता उभी आहे.

दूरदर्शन संच मॉनिटर म्हणून चालेल का?

बत्तीस इंची टीव्ही दहा-बारा हजारांत मिळत असताना चोवीस इंची मॉनिटरला तेवढेच पैसे का द्यावेत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बत्तीस इंची स्वस्त टीव्हीपैकी पुष्कळांचे पिक्सेल १३६६ गुणिले ७६८ इतकेच असतात. म्हणजे इंचामागे केवळ ४९ ठिपके. आठ-दहा फुटांवरून क्रिकेटचा सामना पाहताना ते जाणवत नाही. दोन फुटांवरून सातबाराचा उतारा किंवा तमिळनाडूतील पट्टा वाचताना लगेच जाणवते. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, तर काही रंगाची माहिती निम्मी करून दाखवितात, त्यामुळे पांढऱ्यावर लाल अक्षरे धूसर होतात. अधूनमधून वापरासाठी घरचा टीव्ही जोडावा. रोजच्या चार तासांच्या कामासाठी नव्हे.

जोडणी

संगणकाच्या मागे कोणते छिद्र आहे, हे घरून निघण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढावे. निळ्या रंगाचे पंधरा टाचण्यांचे छिद्र व्हीजीएचे. हे मानक आयबीएमने १९८७ मध्ये आणले. त्यातून जाणारा संकेत सलग लहरीचा असल्याने लांब किंवा हलक्या केबलीतून अक्षरांच्या कडा मऊ होतात. एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टमधून अंकीय संकेत जातो, तेथे हा दोष उद्भवत नाही. लॅपटॉपला दोन्ही असतील तर एचडीएमआयच वापरावे. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए असेल, तर व्हीजीए असलेलाच मॉनिटर घेणे हे परिवर्तक विकत घेण्यापेक्षा सोयीचे. असे मॉनिटर अजून मिळतात. नव्या पातळ लॅपटॉपांना केवळ यूएसबी-सी छिद्र असते. मात्र प्रत्येक यूएसबी-सी छिद्रातून चित्र बाहेर येतेच असे नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्ले पोर्ट’चा उल्लेख नसेल तर केबल आणून उपयोग होत नाही.

खोक्यात कोणती केबल आहे, हेही विचारावे. कमी किमतीच्या मॉनिटरसोबत अनेकदा एकच केबल मिळते, तीही कधी व्हीजीएची. ध्वनिवर्धक आणि कॅमेरा स्वस्त मॉनिटरमध्ये बहुधा नसतात. लॅपटॉप जोडला असेल तर त्याचेच वापरता येतात. टेबलावरच्या संगणकाला मात्र दोन्ही वेगळे घ्यावे लागतील आणि तो खर्च पहिल्यापासून धरावा.

स्टँड ही उपेक्षित बाब आहे. स्वस्त मॉनिटरचा स्टँड पुढे-मागे कलतो, उंची बदलत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर पन्नास ते सत्तर सेंटिमीटर असावे, हा सर्वमान्य नियम. त्यासाठी दोन जाड पुस्तके खाली ठेवली तरी पुरते. मागे व्हेसा मानकाची चार भोके (पंचाहत्तर किंवा शंभर मिलिमीटर अंतरावरची) असतील, तर पुढे केव्हाही भिंतीवर किंवा हातावर बसविता येते. पोथीची लांब पाने पाहणाऱ्यांसाठी पडदा उभा फिरविणारा स्टँड फार उपयोगी पडतो. तो नव्या स्वस्त मॉनिटरमध्ये क्वचित मिळतो, पण कार्यालयांतून बाहेर पडलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये सहज मिळतो.

जुना मॉनिटर घ्यावा काय

मोठ्या कंपन्या भाडेकराराने घेतलेले मॉनिटर तीन-चार वर्षांनी परत करतात. ते साफसूफ करून निम्म्याच्या आसपास किमतीला विकले जातात. चेन्नईत माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड आणि सिकंदराबादेत चेनॉय ट्रेड सेंटर ही अशा खरेदीची परिचित ठिकाणे. तंजावरच्या ग्राहकाला चेन्नई सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. तिरुचिरापल्ली साठेक किलोमीटरवर. प्रवासखर्च धरला तर स्वस्ताई किती उरते, हे आधी कागदावर मांडावे.

एलईडी पार्श्वप्रकाशाचे आयुष्य, तेज निम्म्यावर येईपर्यंत, साधारणपणे तीस हजार तास सांगितले जाते. कार्यालयात दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस चाललेला मॉनिटर चार वर्षांत जवळपास दहा हजार तास वापरला गेलेला असतो. म्हणजे दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक. हा सौदा वाईट नाही. मात्र पांढरे चित्र लावून संपूर्ण पडदा पाहावा : कडेला पिवळटपणा, मध्ये डाग किंवा एका कोपऱ्यात मंद प्रकाश असेल तर तो पडदा घेऊ नये. अनेक मॉनिटर चालू झाल्यावर अर्ध्या तासाने दोष दाखवितात; दुकानदार तेवढा वेळ पडदा चालू ठेवू देत नसेल, तर तेथून खरेदी न केलेली बरी. एकोणीस इंची, जवळजवळ चौकोनी आणि १२८० गुणिले १०२४ पिक्सेलचे जुने मॉनिटरही अद्याप मिळतात. केवळ टंकलेखन आणि हिशेब करणाऱ्यासाठी ते आजही उपयुक्त आहेत, कारण उंची भरपूर असल्याने पानाचा अधिक भाग एकदम दिसतो.

कर, नोंदणी आणि पावती

बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटर व टीव्हींवरचा. तेव्हा चोवीस इंची मॉनिटर ‘करकपातीमुळे स्वस्त’ झाल्याची जाहिरात दिसल्यास ती सूट दुकानाची असू शकते, कराची नव्हे. दहा हजार रुपयांच्या मॉनिटरमध्ये सुमारे १,५२५ रुपये कर असतो. पावतीशिवाय ‘थोडे कमी’ करून देणारा विक्रेता ग्राहकाचे हित करीत नाही, कारण हमीचा दावा पावतीवरच उभा राहतो.

मॉनिटर हे सक्तीच्या नोंदणीखाली येणारे इलेक्ट्रॉनिक उत्पादन आहे. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक मागील पट्टीवर असायला हवा. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला, की उत्पादकाचे नाव समोर येते. मॉनिटरसोबत येणाऱ्या वीज-अडॅप्टरवरही असाच स्वतंत्र क्रमांक असतो. ही नोंदणी सुरक्षिततेची आहे. चित्र चांगले असल्याची ती ग्वाही नव्हे. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, मूळ देश, उत्पादनाचा महिना आणि ग्राहकसेवेचा पत्ता असणे कायद्याने बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रेत्यालाही मूळ देश दाखवावा लागतो.

हमीबाबत तीन प्रश्न लेखी विचारावेत. मुदत किती? बहुतेक प्रस्थापित उत्पादक तीन वर्षे देतात. एक वर्षाचीच हमी असेल तर किंमत त्या मानाने कमी असली पाहिजे. तंत्रज्ञ घरी येतो की मॉनिटर केंद्रावर न्यावा लागतो? आणि ते केंद्र कोणत्या गावात आहे? मोठ्या शहरात शेवटचा प्रश्न गौण वाटतो. तंजावर, सोलापूर किंवा बेळगावसारख्या ठिकाणी मात्र तोच निर्णायक ठरतो. जवळच्या केंद्रापर्यंत दोनदा भाडे मोजावे लागले, तर ऑनलाइन मिळालेली पाचशे रुपयांची सूट कधीच संपलेली असते. मेलेल्या पिक्सेलबाबत प्रत्येक उत्पादकाचे धोरण वेगळे असते आणि एक-दोन ठिपक्यांसाठी बहुधा मॉनिटर बदलून मिळत नाही. म्हणून दुकानातच पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र लावून पाहणे इष्ट. मोबाईलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर ही पाच चित्रे आणि लहान टायपातील मराठीचे एक पान सोबत न्यावे. ऑनलाइन मागविल्यास खोके फोडतानाचे सलग चित्रीकरण ठेवावे.

सूट मिळण्याचा हंगाम प्रांतागणिक निराळा. महाराष्ट्रात गुढीपाडवा, दसरा-दिवाळी. तमिळनाडूत दीपावली आणि पोंगलखेरीज जुलै-ऑगस्टमधील आडी महिन्याची ‘तळ्ळुपडी’. या महिन्यात शुभकार्ये टाळली जातात आणि दुकाने सवलती देऊन गिऱ्हाईक खेचतात.

तक्रार निवारणासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मराठी आणि तमिळसह अनेक भाषांत तेथे बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेता येते. विक्रेता दूरच्या शहरातील असला तरी तेथे जाण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही.

वीज, उष्मा आणि जागा

बावीस ते चोवीस इंची एलईडी मॉनिटर साधारण पंधरा ते पंचवीस वॅट वीज घेतो. वीस वॅटचा मॉनिटर रोज पाच तास चालविला, तर दोन महिन्यांत सहा युनिट होतात. तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांच्या देयकात पहिली शंभर युनिटे मोफत असल्याने हा भार बहुतेक घरांत जाणवत नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात विजांचा कडकडाट आणि वीजपुरवठ्यातील चढ-उतार नित्याचे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने या भागातील वीज अनेक दिवस बंद पाडली होती. वादळी हवेत मॉनिटर आणि संगणक दोन्हींच्या पिना काढून ठेवाव्यात. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. ज्याचा वीज-अडॅप्टर बाहेर असतो, तो मॉनिटर अशा ठिकाणी पसंत करावा. विजेच्या धक्क्याने आधी अडॅप्टर जातो आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो. आत बसविलेला वीजपुरवठा जळाला तर पडदा उघडावा लागतो.

मध्ये उघडा चौक असलेल्या जुन्या घरांत प्रकाश वरून आणि एका बाजूने येतो. मॉनिटर चौकाकडे तोंड करून ठेवल्यास पडद्यावर आभाळ दिसते, पाठ करून ठेवल्यास पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. प्रकाश कुशीतून येईल असा, म्हणजे चौकाशी काटकोनात, ठेवावा आणि चकचकीत काचेऐवजी मंद पृष्ठभागाचा पडदा घ्यावा. पुसण्यासाठी कोरडे मऊ कापड पुरते. खिडक्यांच्या काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव पडद्यावरील आवरण खरवडून काढते.

नवा मॉनिटर आला, की जुन्याचे काय करायचे हा प्रश्न उरतो. नळीच्या जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते आणि एलईडीपूर्व सपाट पडद्यांतील बारीक नळ्यांत पारा. म्हणून हे भंगारवाल्याकडे फोडण्यासाठी देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वापरलेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवा मॉनिटर घेतानाच त्या कंपनीचे संकलन केंद्र कोठे आहे, हे विचारून घेता येते.